अथालला गेलेला राणीहार

"मान खाली घाल, पोरी. दिल्लीच्या बादशहानं म्हणे कोहिनूर पगडीत लपवला होता. इराणच्या शहानं काय करावं? दोस्तीच्या नावाखाली पगड्याच बदलून घेतल्या."

नवरी हसली, की खांदे सैल पडतात आणि हाराचा फासा पटकन लागतो. टोकरखाड्याच्या जयाताई नवरीचे दागिने भाड्यानं देत, आणि राजेरजवाड्यांच्या हिऱ्यांचं त्यांना भारी वेड. "राजांकडे तरी हिरे कुठे कायमचे राहिले? आज या गळ्यात, उद्या त्या. मग आपलं भाड्याचं काय वाईट?" असं वर ऐकवायच्या. त्यांचा पाच पदरी राणीहार सगळ्या पोरींचा लाडका. खडे काचेचे, पण ऐट संस्थानिकांची.

आजची नवरी अथाल गावच्या भिमाबाईंची नात. तिचा मुहूर्त सकाळचा, म्हणून हार दुपारी परत येणार होता. संध्याकाळी तो जयाताईंच्या लेकीला, गुड्डीला घालायचा होता. तिचंही लग्न आजच, गोरज मुहूर्तावर. जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यात तो हार बघत आलेली पोर. तिला सोनंनाणं नको होतं, हाच हवा होता.

दुपार टळली तरी हार आला नाही. नाशिककडून येणारी वऱ्हाडाची गाडी घाटात बंद पडली होती आणि अथालचं लग्न रखडलं होतं. पाहुणे घरात तसेच सोडून जयाताई रिक्षानं अथालला धावल्या.

भिमाबाई ओशाळल्या. "घेऊन जाय, बाई. तुझ्या पोरीचं बी लगन आहे ना आज. आमची बसंल बिगर हाराची."

त्यांनी नातीच्या मानेमागे हात घातलासुद्धा. पोरीनं मान पुढे केली. जयाताईंनी भिमाबाईंचा हात धरला.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "पाठवणीपर्यंत हार नवरीचा, हे माझंच बोलणं आहे. अजून वरमाईनं कुठं बघितलीय हिला?"

रिक्षात मात्र त्यांना रडू आवरेना. लेकीला काय तोंड दाखवायचं?

गुड्डीनं आईचे रिकामे हात पाहिले. तिचा चेहरा पडलाच. मग तिनं विचारलं, "कशी दिसत होती ती?"

"खोटं कशाला बोलू? राणी दिसत होती गं."

"मग झालं तर. चल, गजरा माळ आता, टाइम नाहीये."

जयाताई तिच्या मागे उभ्या राहिल्या. किती पोरींच्या माना त्यांनी हारांनी झाकल्या होत्या. लेकीच्या मोकळ्या मानेवर एक तीळ होता. लहानपणी न्हाऊ घालताना रोज दिसायचा. मध्ये किती वर्षं निघून गेली होती. त्यांनी गजरा थोडा वर बांधला, तीळ दिसेल असा.