उतरलेली सूज

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी एका म्हाताऱ्याला उतरत्या फळीवर निजवलं, पाय वर, डोकं खाली. तासभर मंत्र पुटपुटले आणि पायाची सूज खरंच उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या बाकावर शिंपीण बसली होती. ती मुलगा म्हणून जन्मली, पण बावीस वर्षं इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत बाई म्हणून जगत होती. एकदा दवाखान्यात डॉक्टर तिला बघून फिदीफिदी हसला होता. तेव्हापासून ती दुकानातूनच गोळ्या आणायची, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. आता आठवडाभर डावी पोटरी ठणकत होती.

"पुरुषाच्या देहात बायकी रक्त कोंडलंय," तिची हकिगत ऐकून बाबा म्हणाले. "सात बैठका कर. गोळ्या घे खुशाल, मी बांध घातलाय."

तीन बैठका झाल्या. सूज उतरायची, संध्याकाळी परत हजर. कंटाळून तिने शिवणाचा टेप काढून पोटरी मोजली. बैठकीआधी एकोणचाळीस सेंटिमीटर, नंतर सदतीस, संध्याकाळी पुन्हा एकोणचाळीस. उजवी पोटरी कायम पस्तीस. चौथ्या दिवशी ती गेलीच नाही. घरीच उशांवर पाय टाकून तासभर बातम्या ऐकत पडली. मग मोजलं, तर सदतीस!

तिने थोरल्या बहिणीला फोन केला. बहीण नर्स होती.

"ताई, मंत्राशिवाय उतरली गं."

"पाय वर केला की पाणी खाली सरकतं, त्यात मंत्र कसला? पण एकाच पायाला सूज? हलू नकोस, मी आलेच."

सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली. ही डॉक्टर हसली नाही.

"फुप्फुसात गेली असती तर जीवावर बेतलं असतं."

"म्हणजे गोळ्या कायमच्या बंद?" शिंपिणीने विचारलं.

"ही जुनी गोळी बंद. तिने गुठळीचा धोका वाढतो, त्यात तुमची पन्नाशी आणि सिगारेट. आधी गुठळीवर उपचार करू. मग त्वचेवर लावायच्या पट्टीचा विचार करू, तिच्यात धोका कमी. इस्ट्रोजेन म्हणजे विष नव्हे, बाई. पण वर्षानुवर्षं घ्यायचं तर रक्त, रक्तदाब, हाडं तपासत राहायला हवीत."

महिन्याभराने ती हॉलमध्ये उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

"तुझी श्रद्धा कमी पडली," बाबा गुरगुरले.

अर्धे लोक माना डोलावू लागले. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"सूज कशानेही उतरेल," ती एवढंच म्हणाली. "ती आली कशाने, ते विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यालाच विचारा."

ती बाहेर पडली. मागून एक बाई लंगडत आली. तिचाही एकच पाय सुजला होता.

"अहो, ती न हसणारी डॉक्टर कुठे बसते?"

शिंपिणीने रिक्षा थांबवली. "चला, मीच नेते."