रिकाम्या गाडीचा सायरन

माझ्या गाडीचा त्या माणसाला साधा धक्काही लागला नाही. हे वाक्य डेपोतल्या साहेबांनी मला तीन दिवसांत इतक्या वेळा ऐकवलं, की आता झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. आणि वाक्य खरं आहे, हाच तर त्यातला वैताग. मी चौदा वर्षं अॅम्ब्युलन्स चालवते. कुणाला ओरखडा उठलेला नाही. तरीही त्या माणसाचा पाय मीच मोडला.

दुपारचे पावणेदोन वाजले होते. दोनला माझी ड्युटी संपते. पेशंटला हॉस्पिटलात सोडून आम्ही रिकाम्या गाडीने डेपोकडे निघालो होतो. मागे आमचा अटेंडंट पाय पसरून बसलेला. त्याला सगळे कंपाउंडर म्हणतात. सिग्नलला ही भलीमोठी रांग. मी सायरनचं बटण दाबलं.

याला आमच्यात ‘घरचा भोंगा’ म्हणतात. पेशंट नाही, कॉल नाही, फक्त वेळेत घरी पोचायला वाजवायचा. सगळे वाजवतात. नव्या ड्रायव्हरला आम्ही गिअरच्या आधी भोंगा शिकवतो, असा एक विनोदही आहे. त्याला मीही दात काढून हसले आहे.

रांग फुटली. लोक चांगले असतात हो. शिव्या देत का होईना, बाजूला होतात. एक स्कूटरवाला जरा जास्तच चांगला निघाला. त्याला सरकायला जागा नव्हती, म्हणून त्याने स्कूटर थेट रस्त्याच्या कडेला घातली. तिथे केबलसाठी खणलेला चर होता. तो आडवा झालेला मला आरशात दिसला.

थांबले. तेवढी लाज शिल्लक होती. आम्हीच त्याला स्ट्रेचरवर घेतलं, नडगीला फळी बांधली. कळवळत होता, पण मधल्या खिडकीतून मलाच विचारतोय, “ताई, तुम्ही ज्याला आणायला निघाला होतात त्याचं काय? माझ्यामुळे खोळंबा झाला.”

“दुसरी गाडी गेली,” मी म्हणाले. कंपाउंडर माझ्याकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी त्याला बघायला गेले. खरं सांगायचं ठरवून गेले होते, हे नोंदवून ठेवते. लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक तो, हाड दोन ठिकाणी मोडलेलं. मला पाहिल्याबरोबर कोपरावर उठून बसायला लागला.

“वाचला ना तो?”

“वाचला,” मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी दिराचं लग्न जमवतानाही बोलले नव्हते.

त्याचा जीव भांड्यात पडला. शेजारी त्याची बायको उभी होती, तिचा मात्र अजून टांगलेलाच होता. त्याच्या कंपनीने विचारलं होतं, चूक कोणाची? पोलिसांना तर यानेच सांगून टाकलं होतं, की मीच घसरलो, अॅम्ब्युलन्सचा काही दोष नाही. मग कंपनी म्हणाली, स्वतःच्या चुकीने पडलेल्या माणसाची जागा आम्ही का राखून ठेवायची? सोमवारपासून दुसरा मेकॅनिक येतोय.

“असू दे गं,” तो बायकोला म्हणाला. “कुणाचा तरी जीव वाचला ना?”

मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून स्वतःला मोजक्या पण सणसणीत शिव्या दिल्या.

डेपोत साहेबांनी रजिस्टर उघडून ठेवलं होतं. सायरन वाजवला की त्यात कुठल्या कॉलसाठी, तो नंबर लिहावा लागतो. माझ्या ओळीत तो रकाना रिकामा होता. साहेब वाईट माणूस नाही. त्याला फक्त रकाने भरलेले आवडतात.

“सोपं आहे, बाई. कॉल आला होता, वाटेत रद्द झाला. नंबर मी देतो. कंपाउंडरने सही केलीय, तुम्ही करा. त्या माणसाची तक्रारसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि उघडली तर?”

“तर तुमची नोकरी जाईल. लायसन्सही जाईल कदाचित. आपल्या गाडीचा त्याला धक्कासुद्धा...”

“माहितेय, साहेब.” मी पेन टोपण लावून ठेवलं. “उद्या बघते.”

पार्किंगमध्ये कंपाउंडरने गाठलंच. आम्ही दहा वर्षं एका गाडीवर. माझ्या मुलीच्या बारशालाही हा होता.

“ताई, तू एकटीच शहाणी का? आम्ही सगळे मूर्ख?”

“मी कुठे म्हटलं तसं?”

“तू लिहिलंस की उद्या सगळ्या गाड्यांची रजिस्टरं काढतील. स्वतःच्या पायावर धोंडा मारायचा तर मार. आमच्या पायावर कशाला?”

“कारण एका माणसाच्या पायावर आपण आधीच मारलाय!” मी एवढ्या जोरात ओरडले की वॉचमन बाहेर आला. “सगळे वाजवतात म्हणे. मग सगळ्यांची रजिस्टरं काढू देत. मी नाही कुणाची नावं घेणार, पण माझं लपवणारही नाही.”

तो निघून गेला. जाताना डबासुद्धा विसरला.

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. कालपासून त्यांनी मला एक शब्द विचारला नव्हता, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांनी ओळखलं होतं. मी सांगून मोकळी झाले. खरं बोलले तर नोकरी जाईल, हेही सांगितलं.

“आत्ता कळलं,” त्या म्हणाल्या. “अगं, दोन दिवस झाले, भाजीत मीठ दुप्पट पडतंय. नोकरी गेली तर बघू काय ते. पण हे असलं खारट आम्ही जन्मभर खायचं का?”

मला रडू आलं आणि हसूही. त्यांनी निवडलेली भाजी माझ्या पुढ्यात सरकवली आणि चिरायला सांगितलं.

सकाळी मी रजिस्टरमध्ये लिहिलं. कॉल नव्हता. गाडी रिकामी होती. सायरन मी वाजवला. कारण : ड्युटी संपत आली होती. खाली सही केली, तारीख टाकली. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“बाई, हे कारण असतं का?”

“तेच तर म्हणतेय मी.”

चौकशी होईपर्यंत मला गाडीवरून उतरवलं. मी चावी टेबलावर ठेवली, त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि तिथून थेट हॉस्पिटलात गेले. सगळ्यात अवघड रजिस्टर तिथेच होतं.

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. गाडीत कुणी नव्हतं. आणायलाही कुणी नव्हतं. मला घरी जायची घाई होती. परवा आणि काल बोलले ते खोटं.

त्याची बायको दोन पावलं पुढे आली. मला वाटलं, मारतेय. मारलं असतं तर मी गाल पुढे केला असता. पण ती नवऱ्याकडे बघत थांबली.

“तो माणूस नव्हताच?” त्याने विचारलं.

“नव्हता.”

“मी त्याचं वय ठरवलं होतं,” तो म्हणाला. “साठच्या आसपास. दोन नातवंडं.” मग प्लास्टरवरची चादर सारखी केली. “मग आता सायरन ऐकला की करायचं काय? बाजूला व्हायचं की नाही?”

“व्हायचं,” मी म्हणाले. “दर वेळी व्हायचं. खरा की खोटा, हे ठरवणं तुमचं काम नाही. खोटा वाजवणाऱ्याला धरणं हे आमचं काम, आणि आम्ही ते चौदा वर्षं केलं नाही. सुरुवात माझ्यापासून करा. तक्रार लिहा. कंपनीला हा फोटो आणि ती तक्रार दाखवा. चूक कोणाची, ते विचारत होते ना?”

बायकोने पर्समधून वही काढून त्याच्या हातात दिली. त्याने हळूहळू लिहिलं. माणूस इतका भला की रागातसुद्धा अक्षर जपून काढत होता. मग त्याने वाचून दाखवलं, “सदर दिवशी चालक बाईंकडून रिकाम्या गाडीचा सायरन चुकून वाजला...”

“‘चुकून’ खोडा,” मी म्हणाले. “मी बटण दाबलं होतं.”