बाबागाडी उंबऱ्याच्या आत

डर्वलाने गावाला बातमी दिली ती खाटकाच्या दुकानात, भर शनिवारी, रांगेत उभं राहून. रॉसकॉमन या आयरिश परगण्यातल्या त्या एवढ्याशा गावात बातमी पसरवायला याहून चांगली जागा नव्हतीच.

"आम्हाला बाळ होणार आहे," ती म्हणाली. "नाताळच्या आधी."

मटण बांधता बांधता गिल्मार्टिन खाटकाची नजर आपोआप तिच्या पोटाकडे गेली.

"तिथे नाही, युक्रेनमध्ये. बाळ माझं आणि कोलमचंच आहे, फक्त वाढतंय लेस्या नावाच्या बाईच्या पोटात. माझ्या पोटात टिकत नाही, हेही आता सांगूनच टाकते."

रांगेतल्या बायकांना एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायची घाई झाली. गिल्मार्टिनने घसा खाकरला. "म्हणजे पोस्टाने येणार म्हण की!"

"हो. आणि तुमच्या सॉसेजपेक्षा ताजं येईल."

दुकान हसलं. डर्वलाही हसली. लपवाछपवी करायची नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. आजवर दरवेळी तिने गावापासून लपवलं होतं. उपचार लपवले, दिवस गेलेले लपवले, आणि मग बाळ गेल्यावर ज्याची बातमीच नव्हती त्याचं दुःखही घरातल्या घरातच गिळलं. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की आता या वाटेने पुन्हा नको. त्यावर डर्वलाने डोळे पुसून विचारलं होतं, "मग दुसरी वाट कुठली?" ती बाई अशीच होती. भिंत आडवी आली की दार शोधायची.

दार सापडलं ते थेट पोल्तावा शहरात. लेस्या तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. स्वतःचे दोन मुलगे, सगळ्या जगाला पुरेल एवढं हसू.

आता सगळं सुरळीत होतं, फक्त सासू सोडून.

पेग हेफर्नन गावाच्या वरच्या टोकाला, चढावर राहायची. कोलम तिचा एकुलता एक. पूर्वी डर्वलाला दिवस गेले की पेग चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, सूप आणून द्यायची. या वेळी तिने ऐकलं आणि उठून भांडी घासायला लागली. खाटकाच्या दुकानातली गोष्ट कानावर गेली तेव्हा मात्र तणतणत आली.

"गावभर दवंडी पिटायची काय गरज होती?"

"मग काय सांगायचं होतं, पेग? कोबीच्या वाफ्यात सापडलं?"

"दत्तक घेतलं म्हणायचं. नाहीतर काहीच म्हणायचं नाही! दुसरीच्या पोटातलं पोर ते. उद्या तिचाच जीव अडकला आणि दिलंच नाही, तर काय करशील?"

"देईल ती."

"माझ्यासमोर हा विषय काढू नकोस," पेग म्हणाली, आणि तिने तो खरंच काढू दिला नाही. दर रविवारी प्रार्थना आटोपून ती जेवायला यायची. जेवणानंतर लेस्याचा व्हिडिओ कॉल आला, की आपला चहाचा कप उचलून पुढच्या खोलीत जाऊन बसायची आणि दार लावून घ्यायची.

ते दार लागल्याचा आवाज डर्वलाला फार लागायचा. वकिलाने आधीच सांगून ठेवलं होतं की इथल्या कायद्याने जन्म देणारी तीच आई. डर्वलाचं नाव लागायला वर्षं जातील, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. त्याला तिची तयारी होती. कायद्याशी ती भांडली असती. पण बाळ घरी येईल तेव्हा घरच्याच माणसाने ते आपलं म्हणून मोजलं नाही, तर भांडायचं कुणाशी? पेगने एकदा, एकदाच तिला आई म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ही मागून घ्यायची गोष्ट नव्हती.

ऑक्टोबरात ती आणि कोलम मिसेस टॅन्सीच्या दुकानात बाबागाडी घ्यायला गेले. त्या भागातली रीत अशी, की गाडी आधी पसंत करायची, पण घरी न्यायची नाही. बाळ जन्मण्याआधी रिकामी गाडी उंबऱ्याच्या आत आली तर अपशकुन. म्हणून मिसेस टॅन्सी गाडीला आईच्या नावाची चिठ्ठी बांधून ती मागच्या खोलीत ठेवायची, आणि बाळ झाल्यावर बाप जाऊन घेऊन यायचा. डर्वलाने इतक्या वर्षांत त्या खोलीतल्या कितीतरी चिठ्ठ्या वाचल्या होत्या. मैत्रिणींच्या, मावसबहिणींच्या, आणि हल्ली तर मैत्रिणींच्या मुलींच्यासुद्धा.

तिने निळी गाडी निवडली. "डर्वला हेफर्नन लिहा," ती म्हणाली.

"अगं, चिठ्ठी कशाला? आजच घेऊन जा ना," मिसेस टॅन्सी गोड हसून म्हणाली. "तुला कसलं आलंय सोवळं? तुझ्या पोटात थोडंच आहे!"

बाईच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग आला. डर्वलाच्या कानशिलांत आग पेटली. नियमातून तिला सूट मिळाली होती, जशी ज्याला खेळात घेतलेलंच नाही त्या पोराला मिळते.

"ठीक आहे. आजच नेते," ती म्हणाली.

कोलमने बाबागाडी मोटारीत चढवली. घरापाशी आल्यावर हळूच म्हणाला, "गॅरेजमध्ये ठेवू या का? म्हणजे, मी असलं काही मानत नाही..."

"मग मानू नकोस," डर्वला म्हणाली, आणि तिने बाबागाडी स्वतः उचलून उंबऱ्याच्या आत आणली. चुलीशेजारी उभी केली. रात्रभर मात्र तिला झोप लागली नाही.

रविवारी पेग सफरचंदाचा टार्ट घेऊन मागच्या दाराने आत आली आणि गाडी बघून जागीच थबकली. चेहरा पांढराफटक पडला.

"ही आत कुणी आणली?"

"मी."

"बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता!"

"कशासाठी? दुकानात म्हणाले, मला नियम लागू नाही. तुम्हीही तेच म्हणता ना? दुसरीच्या पोटातलं पोर!"

"नियम पोटाला असतो होय गं, मूर्ख मुली?" पेग कडाडली. टार्ट तिने टेबलावर आदळला. "नियम पोराला असतो! पोराला!"

कोलम मध्ये पडणार इतक्यात टेबलावरचा टॅब्लेट वाजला. लेस्याचा कॉल आज लवकर आला होता. डर्वलाने तो घेतला. लेस्या हसत हात हलवत होती. मग डर्वलाच्या खांद्यावरून तिची नजर मागे गेली आणि हसू मावळलं. तिने तोंडावर हात ठेवला, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, टेबलाच्या लाकडावर बोटं आपटली आणि आपल्या भाषेत सुरूच झाली. टॅब्लेटमधला भाषांतराचा आवाज मागून रखडत बोलला, "गाडी घरात नको. बाळ येईपर्यंत नको. कृपया, डर्वला, बाहेर."

पेग पुढच्या खोलीत गेली नाही. ती खुर्ची ओढून टॅब्लेटसमोर बसली.

"चला, एका बाईला तरी अक्कल आहे," ती म्हणाली. मग परदेशी माणसाला मोठ्याने बोललं की समजतं अशा थाटात ओरडली, "मी सांगितलं हिला! ऐकत नाही!"

लेस्याने कपाळावर हात मारला. भाषांतराची गरजच पडली नाही. दोघी जणी डर्वलाकडे बघून एकाच तालात मान हलवू लागल्या. मग लेस्या उभी राहिली आणि तिने कॅमेरा खाली वळवला. फुलाफुलांच्या झग्याखाली गोल पोट होतं. ती वाट बघत राहिली, आणि एका बाजूला काहीतरी टुणकन हललं.

पेगने पडद्यावरच्या त्या जागी बोट टेकवलं.

"दरवेळी मी मेणबत्ती लावली," ती म्हणाली, डर्वलाकडे न बघता. "दरवेळी बाळाबद्दल बोलले, आणि दरवेळी ते गेलं. मला वाटलं, या वेळी नावच नाही घेतलं तर राहील. लोकांची लाजही वाटली थोडी, खोटं कशाला बोलू? पण जास्त भीती होती."

"मला सांगायचं तरी होतं, पेग!" डर्वलाचा आवाज फुटला. "मला वाटलं, तुम्हाला हे बाळ नकोच आहे."

"नको असतं तर गाडी आत आली काय, बाहेर राहिली काय, मला काय फरक पडला असता?"

एवढं बोलून ती उठली, कोट चढवला, बाबागाडीचा दांडा धरला आणि ती मागच्या दाराने बाहेर काढली. "माझ्याकडे राहील. कोलम, टार्ट ओव्हनमध्ये ठेव."

रस्त्यावर रविवारची गर्दी होती. वर्तमानपत्रं घ्यायला आलेले, पबच्या दारात उभे असलेले, सगळे वळून बघू लागले. म्हातारी पेग रिकामी गाडी ढकलत पुढे, आणि डर्वला मागून कोटाची बटणं लावत जवळजवळ पळत.

"काय पेग!" गिल्मार्टिन पबच्या दारातून ओरडला. "पोस्ट आलं वाटतं?"

"डिसेंबरात येणार," पेग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "विमानाने. आईच्या मांडीवर बसून."

गिल्मार्टिनने टोपी काढली. चेष्टेत काढली की खरंच, ते त्यालाच ठाऊक. डर्वलाला पुढचा रस्ता धूसर दिसत होता.

चर्च मागे पडून चढ लागला तशी पेगला धाप लागली. डर्वलाने पुढे होऊन दांड्याला हात घातला. "द्या इकडे. मी ढकलते."

पेगने तिच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "बाळाच्या आईने रिकामी गाडी ढकलायची नसते."

आजवर कुणाचं न ऐकलेल्या डर्वलाने मुकाट्याने हात कोटाच्या खिशात घातले आणि ती सासूच्या शेजारून चढ चढू लागली.