बघते म्हणजे काय

आमच्या धंद्याला मालक दोन. एक मी आणि दुसरं ऊन. रफू उन्हातच करायचं असतं, कारण काळे रंगही दहा तऱ्हांचे असतात. दिव्याखाली ते सगळे सख्खे भाऊ वाटतात, उन्हात मात्र ज्याचं त्याचं खरं रूप बाहेर पडतं. माझे वडील हे काम करायचे तेव्हा ऊन खिडकीच्या कट्ट्यावरून उतरलं, की सुई उशीत खोचून उठायचे. मग साक्षात राजा दारात आला तरी पुन्हा बसायचे नाहीत.

मी पडले शहाणी! वडिलांच्या मागे खिडकीत चांगला पांढराशुभ्र दिवा लावून घेतला. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, त्यामुळे दिवा दिसला की लोक यायचे. मी जेवत असो की न्हात असो, दारावर टकटक व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, "फार नाही हो, एवढंसं भोक आहे." माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा. "बघते." तो ऐकला की गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

भिंगरीसाठीही माझा हाच शब्द. भिंगरी माझी मुलगी, वय वर्षं आठ, एका जागी बसेल तर शपथ. संध्याकाळी पुलावरून पाहिलं तर नदीचं पाणी पाच मिनिटं गुलाबी होतं, असा शोध तिनं लावलाय. ते मला दाखवायचं म्हणून ती रोज ऊन उतरताना विचारायची, "आई, आज पुलावर?" मी मान खाली घालूनच म्हणायची, "बघते हं."

एका दुपारी ती जिन्यात शेजारच्या मुलीबरोबर दुकान-दुकान खेळत होती. मी आत एका काळ्या कोटाच्या बाहीवर काम करत होते. कोट बँडमास्तरांचा. त्यांना तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या कार्यक्रमाला घालायचा होता.

"माझं भोक बुजवा," शेजारची म्हणाली.

"बघते," भिंगरी हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली. "आता तू उद्या यायचं. गिऱ्हाइकाला बघते म्हणजे हो."

"आणि ही बाहुली?"

"ती माझी मुलगी. तिला पुलावर जायचंय. तिलाही बघतेच म्हणायचं."

"म्हणजे हो?"

"नाही गं. घरच्यांना बघते म्हणजे नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता. पाढे म्हणावेत तसं सांगत होती. सुई माझ्या बोटात शिरली आणि मला फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी तिच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. ऊन कट्ट्यावरून उतरलं, जमिनीवरून सरकलं, दाराबाहेर गेलं. तिनं विचारलंच नाही. उठून मीच विचारायला हवं होतं. ते न करता मी दिवा लावला आणि राहिलेले टाके घालायला घेतले.

यंत्रासारखा हात चालत होता. डोळे कधी मिटले, कळलं नाही. समोर दाराएवढं मोठं कापड टांगलेलं, उजेडानं भरलेलं, आणि त्याच्या मधोमध एक भोक. दोन वेण्या, वर उचललेला एक पाय. नेमकं भिंगरीच्या आकाराचं. मी रफू करत होते. धाग्यात धागा गुंतवत वेण्या बुजवल्या, हात बुजवले, पाय बुजवला. मागे माणसं उभी होती. "वा! कळतसुद्धा नाही हो, इथं कुणी होतं ते," ती म्हणत होती. आणि सांगते, मला अभिमान वाटत होता. मग बाजूला बसलेले वडील हळूच म्हणाले, "ऊन गेलंय गं."

मी दचकून जागी झाले. कोट मांडीवर होता, काम पुरं झालं होतं.

सकाळी बँडमास्तर आले. बाही निरखून म्हणाले, "वा! कळतसुद्धा नाही!" स्वप्नातलेच शब्द! त्यांच्या हातातून कोट घेऊन मी खिडकीशी गेले. उन्हात बाहीवर निळा डाग, मुका मार लागल्यासारखा. दिव्याखाली मी काळ्याऐवजी गर्द निळा धागा ओवला होता.

"राहू द्या की. लांबून कोण बघतंय?"

"मी बघते ना," मी म्हणाले. "पाचला या."

दिवसभर बसून मी एकेक निळा धागा उसवला, कोटाच्याच आतल्या दुमडीतले काळे धागे काढून पुन्हा भरले. मध्येच उठून दिवा काढला आणि माळ्यावर टाकला. पाचला ऊन कट्ट्यावरून उतरत होतं तेव्हा भिंगरीला म्हटलं, "चपला घाल, पुलावर जाऊ." तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पण घातल्या.

तेवढ्यात बँडमास्तर आले. कोट घेतला आणि पिशवीतून पँट काढली. "याच्यावरच घालायचीय. खिशापाशी दोन टाके फक्त. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

"बघ..." माझी जीभ सवयीनं वळली.

भिंगरी मुकाट्यानं खाली बसली आणि चपलेचा पट्टा सोडू लागली.

"...बघा मास्तर," मी म्हणाले, "ऊन गेलं. आता नाही. उद्या ऊन आल्यावर या."

"अहो, दोन टाके!"

"दोन असोत नाहीतर अर्धा. नाही."

"मग मी दुसरं दुकान बघतो," ते फुरंगटून म्हणाले आणि गेले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? ते खरंच दुसरीकडे जातील आणि चार लोकांना सांगतीलही. तरी मी सुई उशीत खोचली आणि कडी लावली.

पुलावर पोचलो तेव्हा पाणी गुलाबी व्हायला नुकतीच सुरुवात झाली होती. कठड्याला हात लावून आम्ही उभ्या राहिलो. रंग काठाकडून मध्ये येत होता, सावकाश, अगदी आवाज न करता.

"आई, बघ ना!"

"बघते," मी म्हणाले.

भिंगरीनं चटकन मान वळवून माझे डोळे कुठे आहेत ते तपासलं. मग तीही पाण्याकडे पाहू लागली.