साडेसहा मिलिमीटर

जपानमध्ये रायफल आधी निवडायची, मग तिच्यासाठी पोलिसांकडे अर्ज करायचा, आणि परवाना हातात आला की मगच ती पहिल्यांदा खांद्याला लावायची. दुसऱ्याची रायफल ‘जरा बघू’ म्हणून हातात घेणंसुद्धा गुन्हा. म्हणजे निवड सगळी कागदावर. माझी मुलगी मैत्रेयी हे मला जेवताना सांगत होती, तेव्हा वाटलं की इथे कदाचित आपला उपयोग होईल. लगेच असंही वाटलं, की छे, आपला कसला उपयोग.

मी शाकाहारी माणूस. पुण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं केली. जपानी वाचता येतं, बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकतात. बायको गेल्यावर मैत्रेयीने मला कावासाकीला आणलं. ती जंगलाची शास्त्रज्ञ आहे. तान्झावाच्या डोंगरात हरणं इतकी झाली आहेत की नवं रोप गुडघ्याला लागत नाही आणि पावसात उघडी माती वाहून जाते. ती रोपं मोजता मोजताच एक दिवस तिने शिकारीचा परवाना काढला होता. दहा वर्षं शॉटगन बिनतक्रार बाळगली की रायफल मागता येते. ती दहा वर्षं यंदा पुरी झाली.

पण गेल्या जानेवारीत तिच्या गोळीने एक मादी जखमी होऊन पळाली. दोन दिवसांनी ओढ्यात सापडली, कावळ्यांमुळे. मैत्रेयी घरी आली ती बूट न काढता दारातच बसून राहिली.

“बाबा, पुन्हा असं झालं ना, तर मी परवाना परत करणार. कायमचा.”

“अगं, पण चूक कुणाच्याही हातून...”

“दोन दिवस, बाबा. दोन दिवस ती जिवंत होती.”

मी खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.

तिच्या शिकारी गटाचे प्रमुख कुरोइवा-सान. वय शहात्तर, भुईमुगाची शेती, डोंगराच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली, तिथे रविवारी सगळे जमतात. त्यांचं मत ठरलेलं होतं: थर्टी-ऑट-सिक्स. गटातले सगळे रायफलवाले तेच कॅलिबर वापरतात, म्हणजे तेवढ्याच व्यासाची गोळी, तेवढंच मोठं काडतूस. “तुझ्या गोळीत तेवढा जोर असता तर मादी पळाली नसती,” ते मैत्रेयीला म्हणाले होते.

मला मात्र दुसरंच दिसलं होतं. मार्चमध्ये ती मला सरावाच्या रेंजवर घेऊन गेली. बाकी सगळे निशाण्याकडे बघत होते. मला निशाण्यातलं काही कळत नाही म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. घोडा ओढण्याच्या किंचित आधी ती डोळे मिटून घेत होती. प्रत्येक वेळी. तिच्या शॉटगनचा धक्काच तसा होता. खांद्यावर जांभळा डाग पडायचा आणि तो ती माझ्यापासून लपवायची. म्हणजे गोळीत जोर कमी होता म्हणून नाही, तर त्या क्षणी तिचे डोळे मिटलेले होते म्हणून ती मादी जखमी झाली. पण हे मी कुणाला सांगणार? आणि कशाच्या जोरावर?

म्हणून मी पुस्तकं आणली. जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात मध्यम आकाराच्या जनावरांसाठी कॅलिबरांचे तक्ते होते. मी ते पंधरा दिवस वाचलं आणि टू-सेव्हंटी हे कॅलिबर पक्कं केलं, कारण त्याची गोळी चारशे मीटरपर्यंत जवळजवळ सरळ जाते. एप्रिलमध्ये मैत्रेयीने मला खोलीवर नेलं आणि मी, आयुष्यात कधी नव्हे ते, चार लोकांसमोर बोललो.

कुरोइवा-साननी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवलं.

“ओतोसान,” ते म्हणाले. म्हणजे ‘बाबा’, तिथे सगळे मला हेच म्हणायला लागले होते. “चारशे मीटर कुठे दिसतात ते दाखवा.”

बाहेर देवदारांची दाटी होती. पन्नास पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

“आणि मेंढ्या?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं. “मेंढीसारखं इथे फक्त कामोशिका आहे. ते मारलं तर पोलिस तुम्हालाच पकडतील.”

कामोशिका म्हणजे डोंगरी बोकडासारखं, कायद्याने संरक्षित जनावर. सगळे पोट धरून हसले. पुस्तकातला डोंगर उघडाबोडका होता आणि इथला झाडांनी भरलेला, एवढी साधी गोष्ट मी खिडकीतून बघितली नव्हती. कुरोइवा-साननी कपाटातून तीन जाड वह्या काढून माझ्यासमोर टाकल्या. “वाचायचंच असेल तर हे वाचा.”

ते थट्टेने म्हणाले असावेत. मी वह्या पिशवीत घातल्या.

बावीस वर्षांच्या नोंदी होत्या. प्रत्येक जनावराला एक ओळ: तारीख, जागा, नेमबाज, कॅलिबर, अंतर, गोळ्या, आणि शेवटी शेरा. अक्षर वाईट, कुठे चहाचे डाग, कुठे रक्ताचे. पाच आठवडे मी भिंगातून ते वाचलं. एकूण तीनशे अठरा ओळी. त्यातल्या दोनशे एक्क्याण्णव शंभर मीटरच्या आतल्या. अडतीस ओळींच्या शेऱ्यात ‘जखमी’ लिहिलेलं, बाकीच्यांचा रकाना कोरा. त्या अडतिसांतल्या एकतीस पुन्हा शंभर मीटरच्या आतल्याच. जवळजवळ सगळ्या थर्टी-ऑट-सिक्सच्या. म्हणजे जोर कधीच कमी पडला नव्हता. गोळी लागायची जागा चुकली होती.

जखमींतली शेवटची, अडतिसावी ओळ मैत्रेयीची होती. ‘जखमी. दोन दिवसांनी सापडली.’ ती मी जास्त वेळ बघितली नाही.

आणखी एक गोष्ट मला दिसली, ती मी कुणाला सांगितली नाही.

मग मी धक्क्यांचा हिशोब मांडला. फार बारीक गोळी चालणार नव्हती. इथल्या कायद्यात खालची मर्यादा आहे, आणि डोंगरात रानडुकरंही आहेत. उरलं ते सहा पॉइंट पाच मिलिमीटरचं काडतूस. धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या साठ टक्के, मैत्रेयीच्या बंदुकीच्या तर एक तृतीयांश. जंगलात शिसं पडू नये म्हणून लागणारी तांब्याची गोळी दुकानदार दोन आठवड्यांत मागवून देणार होता. मी सगळं एका मोठ्या कागदावर रेघा मारून काढलं.

जूनमध्ये पुन्हा त्या खोलीत गेलो. दारातच थांबलो.

“तू कुरोइवा-सानचंच ऐक,” मी मैत्रेयीला म्हणालो. “त्यांना पन्नास वर्षांचा अनुभव आहे.”

“बाबा, आता मागे फिरू नका हं. मी तुमच्या भरवशावर आलेय.”

“त्याचीच तर भीती वाटते.”

कागद टेबलावर पसरला.

“ओतोसान, तुम्ही कधी हरीण मारलंय?” कुरोइवा-साननी विचारलं.

“नाही.”

“बंदूक उचललीय?”

“नाही.”

“मग हे कशावरून?”

“वाचून.”

पुन्हा हशा. “पुन्हा मेंढ्यांचं पुस्तक?”

“नाही. तुमच्या वह्या.”

हसू थांबलं. कुरोइवा-साननी चष्मा लावला आणि कागदावर वाकले. मी त्यावर प्रत्येक ओळीसाठी एक ठिपका काढला होता, जखमींसाठी लाल. ते बराच वेळ लाल ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले.

“नावं का नाही लिहिलीत?”

“नावांची गरज नव्हती,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते समजले. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतरच्या लाल ठिपक्यांतले अर्धे त्यांचे होते. मी सांगितली नव्हती ती गोष्ट हीच. त्यांनी कागदाची घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

“साडेसहाने रानडुक्कर हसेल,” कुणीतरी मागून म्हणालं.

“हसू दे,” कुरोइवा-सान म्हणाले. “हसताना उभं तर राहील.”

अर्ज गेला. पोलिस घरी चौकशीला आले. इथे घरच्यांनाही विचारतात. मुलगी रागीट आहे का, असं त्या तरुण अधिकाऱ्याने मला विचारलं. “फक्त माझ्यावर,” मी म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं की नाही, या काळजीत मी तीन रात्री झोपलो नाही. ऑक्टोबरात परवाना आला. पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा मी पुन्हा तिच्या चेहऱ्याकडेच बघत बसलो. डोळे उघडे होते. पाच गोळ्या, पाचही वेळा.

तरीही रेंज वेगळी आणि डोंगर वेगळा. जानेवारीच्या एका रविवारी सकाळी ती रायफल घेऊन तिच्या तात्सुमावर, म्हणजे नेमून दिलेल्या जागेवर जाऊन बसली. कुत्रे वरून हरणं हाकणार होते. मी खाली छोट्या ट्रकमध्ये, नारिंगी जाकीट घालून, कुरोइवा-सानच्या शेजारी. मधे वायरलेस खरखरत होता.

कुत्रे भुंकले. आवाज कड्यावरून उतरत मैत्रेयीच्या बाजूला गेला.

“मोठा नर, चौथ्या जागेकडे,” वायरलेसवर कुणीतरी म्हणालं. चौथी जागा तिची.

माझ्या डोक्यात सगळे ठिपके एकदम हलायला लागले. भागाकार चुकला असेल तर? अडतीस नव्हे, अठ्ठेचाळीस असतील तर? मी तिला कशात ढकललं?

एक बार झाला. पातळ, कोरडा आवाज.

मी दुसऱ्या बाराची वाट बघत राहिलो. दुसरा झाला म्हणजे पहिला चुकला. कुरोइवा-सानही बघत होते. त्यांचा हात स्टिअरिंगवर घट्ट होता. दुसरा झाला नाही. वायरलेसही गप्प. कुत्र्यांचा आवाज थांबला.

मग तिचा आवाज आला, जपानीत, धाप लागलेला. “थांबवलं. जागीच.” आणि लगेच, बारा जणांच्या वायरलेसवर, चक्क मराठीत, “बाबा! एक पाऊलसुद्धा नाही टाकलं त्याने! एकसुद्धा नाही!”

“काय म्हणाली?” कुरोइवा-साननी विचारलं.

मी सांगायला गेलो आणि आवाज फुटेना. या वेळी भीतीने नव्हे. ट्रकच्या टपावर मी आतून दोन्ही हातांनी एवढ्या जोरात थापा मारल्या की कुरोइवा-सान दचकले. मग त्यांनीही हॉर्न दाबला. लांब, तीनदा. शिकार चालू असताना हॉर्न वाजवू नये हा नियम त्यांचाच होता.

दुपारी मैत्रेयी खाली आली ती चिखलाने माखलेली आणि हसत. खोलीत मांसाचे सारखे वाटे झाले. डोंगरावर आलेल्या प्रत्येकाला वाटा हा तिथला रिवाज, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक माझ्याही हातात आला. मी तो खात नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कार केला. तो ठेवलेली पिशवीही मी कुणाला धरू दिली नाही.

“ओतोसान, माझी पण दहा वर्षं होतायत पुढच्या साली,” एकजण जवळ येऊन म्हणाला. “मी काय घेऊ?” त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते. हे तेच, कामोशिकाच्या विनोदाला सगळ्यात मोठ्याने हसलेले.

“तुमचा खांदा दाखवा आधी,” मी म्हणालो, आणि माझं मलाच नवल वाटलं.

कुरोइवा-सान सगळे पांगेपर्यंत थांबले. मग खांदा चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “धक्का साठ टक्के... नक्की ना?”

“दोनदा तपासलंय.”

त्यांनी चौथी, नवी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. बावीस वर्षांच्या त्या वह्यांत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं अक्षर मी पाहिलं नव्हतं. मी माझ्या बारीक अक्षरात लिहिलं: तारीख. चौथी जागा. मैत्रेयी. सहा पॉइंट पाच. चौसष्ट मीटर. एक गोळी.

शेऱ्याच्या रकान्यापाशी येऊन थांबलो. मैत्रेयी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

“काय लिहिताय, बाबा?”

“काही नाही,” मी म्हणालो, आणि रकाना कोरा ठेवून वही मिटली.