माइकवाल्याचा जबाब

पोरांच्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी गावातल्या पोरींचं काय होतं, ते नेत्रा मॅडमना सरकारला लिहून द्यायचं होतं. अलिबागवरून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आल्या. दोन दिवस फिरायला माझीच रिक्षा. सगळ्या घरांत एकच उत्तर, "आमच्या पोरीला काय न्हाय झालं."

"खरंच कुणाला काही झालं नाही, मोरूकाका?"

"मॅडम, तुम्ही विचारता, मारलं का. पोरं मारतात एकमेकांना. पोरींचं नुसतं कॉलेज बंद होतं."

"कुणाचं झालं?"

आता काय सांगू? माझ्यामुळंच झालेलं.

दिवाळीनंतर मॅचेस होत्या. कॉमेंट्रीचा माइक माझ्याकडं, वीस वर्षं माझ्याकडंच. लोक मॅच कमी बघतात, माझी टवाळी जास्त ऐकतात. खालच्या आळीच्या शुभमनं सिक्स मारला. कडेला बुधाजीची पूनम उभी दिसली. मी बोललो, "हा सिक्स पूनमबायच्या नावानं." अख्खं मैदान हसलं. वरच्या आळीचा गणराज तिच्या मागं लागलाय, हे मला काय माहीत? संध्याकाळी दोन्हीकडची पोरं स्टंप घेऊन भिडली. शुभमच्या डोक्याला सहा टाके.

गावकी बसली, सगळे पंच जमले. दोघांच्या हातात नारळ दिले, गळाभेट करवली. वर ठरवलं, पोरगी काही दिवस घरात ऱ्हावदे. पूनमला कुणी विचारलं न्हाय. गावकीत पोरींना बोलवायची रीत न्हाय.

मॅडमना घेऊन बुधाजीकडं गेलो. ओटीवर जाळं शिवत बसला होता.

"बुधाजी, पूनम त्या शुभमला ओळखत पण नव्हती. मी आपलं मनानंच बोललो. तिला कॉलेजला जाऊ दे."

बुधाजी हसायला लागला. "मोऱ्या, मॅडमसमोर तरी भंकस नको."

"भंकस न्हाय रे."

"मी मेलो म्हणून माझ्या सासुरवाडीला तूच सांगून आलेलास. तेव्हा पण असंच तोंड केलंस."

पूनम दारात उभी होती. म्हणाली, "काका, माइकवर बोललात ते सगळ्यांना लगेच पटलं."

मॅडमनी पेन उघडलं.

"रिपोर्ट कधी जाईल?" पूनमनं विचारलं.

"जूनमध्ये."

"माझा परीक्षेचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय."

बुधाजीनं सुई खाली ठेवली. "गावकीचा शब्द हाय, बाय. मी एकटा कसा मोडू? रविवारी बैठक हाय, मोरूनं तिथं सांगावं."

"रविवारी," पूनम बोलली, आणि आत गेली.

मी रिक्षा तिथंच सोडली. मॅडमना म्हटलं, चला, पंचांच्या दारोदार जाऊ, बैठक शुक्रवारी लावायला सांगू. पाच पंच, पाच घरं. ऊन डोक्यावर आलेलं.

पहिल्या पंचानं दार उघडलं आणि मला बघूनच हसायला लागला.