खांबाखालची हाक

"अनंतकाकाऽ! नंबर आला काऽ?"

खालून हाक आली आणि सुखदाच्या हातातला चमचा थांबला. आईचा चेहरा मात्र उजळला. "बघ, बोलावतायत यांना," ती म्हणाली. पक्षाघातानंतर तिची जीभ जड झाली होती आणि आठवणीला तर धरबंधच राहिला नव्हता.

सुखदा गॅलरीत गेली. समोर रस्त्यावरच्या दिव्याचा खांब, त्याला महापालिकेनं बसवलेला फुकट इंटरनेटचा पांढरा डबा, आणि खाली मान वर करून उभा गॅरेजवाला अझहर.

"बाबा गेले, अझहरभाई. मागच्या महिन्यात."

"या अल्ला! मी गावाकडं होतो ताई, कुणी बोललंच नाही..."

तोवर त्याची भावजय बिल्किस धावत आली. "अरे, तोंड हाय का भोंगा? चल आत!"

त्या डब्यावरून इंटरनेट हवं असेल तर आधी मोबाइल नंबर टाकावा लागे, मग त्यावर आकडे येत. महिनाअखेरीला काळेवाडीच्या त्या गल्लीतल्या निम्म्या फोनांचं रिचार्ज संपलेलं असे, मेसेज कुठून येणार? मग सगळे अनंतरावांचाच नंबर टाकत आणि खांबाखाली उभे राहत. गुडघे गेल्यापासून अनंतराव जिना उतरले नव्हते. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांची उभी हयात सुट्या भागांचे नंबर पुकारण्यात गेली होती. त्याच खणखणीत आवाजात ते गॅलरीतून आकडे सांगत. "कुणाला सांगू नका असं लिहून येतं," ते हसत, "आणि मी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगतो."

बिल्किसनं सगळ्यांना दम भरला असावा. त्यानंतर एकही हाक आली नाही.

"कुणी हाक का मारत नाही गं? हे कुठं गेलेत?" आईनं विचारलं.

सुखदानं खरं ते सांगितलं. आई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. दुपारी झोपून उठली आणि तिनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा तसंच रडणं. तिसऱ्यांदा सुखदाला सांगवलं नाही. मग आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. यांचं झाल्याशिवाय ती जेवणार नव्हती.

सुखदा कोल्हापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रजा संपत आली होती. आईला न्यायला तिनं गाडीही ठरवली होती. पण जाण्याचं नुसतं नाव काढताच आईनं चांगल्या हातानं पलंगाचा गज धरला. "मी नाही यायची. हे एकटे राहतील इथं?" बोटं सोडवताना सुखदाला वाटलं, जरा जास्त जोर लावला तर मोडतील. तिनं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशीही आईनं घास घेतला नाही. चार वाजता शेजारणीला बसवून सुखदा खाली उतरली. बिल्किस दारातच मशीनवर ब्लाऊज शिवत होती.

"भाभी, खांबाखालून हाक मारायला सांगा ना."

"कुणाला?"

"बाबांना."

बिल्किसचा पाय थांबला. "नको ओ ताई. बरं दिसत नाही ते."

"आई जेवत नाहीये."

"एकदा सुरू केलं की रोज करावं लागंल."

"माहीत आहे."

"आन् कोल्हापूर?"

सुखदा जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत राहिली. "गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं."

बिल्किसनं दोरा दातानं तोडला.

दिवे लागले तशी खालून हाक आली. "अनंतकाकाऽ!" बिल्किसचाच आवाज, जरासा चिरकलेला. वडिलांचा फोन हातात थरथरला. सुखदा गॅलरीत गेली आणि तिनं आकडे वाचले. ते रिक्षांच्या गोंगाटात विरून गेले.

"ऐकू नाही आलं! मोठ्यानं सांगा, काका!"

सुखदानं कठडा धरला. छाती भरून श्वास घेतला. "चाऽर! साऽत! साऽत! शून्य!" नसलेला आवाज ती ताणून काढत होती. शेवटच्या आकड्याला घसा खरवडला.

"आला, काका, आला!" खालून उत्तर आलं. बिल्किसनं वर मात्र बघितलं नाही.

आत आई उशीला टेकली होती. कपाळावरच्या आठ्या विरल्या होत्या.

"घसा बसलाय गं यांचा," ती म्हणाली. "पाणी दे त्यांना."

सुखदानं पेला भरला, गॅलरीत नेला आणि आईकडे पाठ करून पिऊन टाकला.